‘गेट’ म्हणजे दार, रस्ता की नुसती मोकळी जागा?

आपण गोंदिया जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत सहाव्या आणि सातव्या वर्गाला इंग्रजी शिकवता आणि एका विद्यार्थ्याच्या साध्या प्रश्नाने आपल्याला अडवले आहे : ‘डोअर’ म्हणजे दार आणि ‘गेट’ म्हणजेही दारच, तर मग दोन शब्द कशाला? त्याचे उत्तर शोधताना आपल्याला आणखी दोन गोष्टी आढळल्या. इंग्लंडमधील यॉर्क शहरात ज्यांच्या नावात ‘गेट’ आहे असे रस्ते आहेत, पण त्यांवर प्रवेशद्वार मात्र नाही, असे आपण वाचले. आणि ‘गेट’ हा शब्द संस्कृत ‘गति’पासून निघाला, असा संदेश आपल्या मोबाईलवर आला. शब्दकोशात या एका शब्दाखाली दहा-बारा अर्थ दिलेले आहेत, ते सगळे फळ्यावर लिहून द्यावेत का, हेही आपण शेवटी विचारले आहे.

मी चंद्रपूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवत आलो आहे, आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणातही हा शब्द वारंवार चर्चेला येतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. माझ्या मते आपली खरी अडचण अर्थांच्या संख्येची नाही. ‘गेट’ म्हणजे उघडझाप करणारी एक वस्तू, असे आपण धरून चालला आहात आणि त्यामुळे शब्दकोशातील प्रत्येक अर्थ सुटा, एकमेकांशी नाते नसलेला वाटतो. या शब्दाचा जुना गाभा वस्तूचा नसून जागेचा आहे : भिंतीत, कुंपणात किंवा डोंगररांगेत राहिलेली ती मोकळी जागा, जिच्यातून पलीकडे जाता येते. ती जागा अडवण्यासाठी लाकूड, लोखंड किंवा बांबू लावला, की त्या अडसरालाही तेच नाव मिळते. हे एकदा मनात बसले की बहुतेक अर्थ आपोआप जागेवर येतात. जे येत नाहीत, त्यांचे कारण निराळे आहे : ते मुळात दुसऱ्याच शब्दाचे अर्थ आहेत. त्याकडे पुढे वळू.

किती शिकवावे, हे मात्र आपला हेतू काय यावर अवलंबून आहे. सहाव्या वर्गातील मुलाला ‘डोअर’ आणि ‘गेट’ यांचा वापर बिनचूक करता आला तरी पुरेसे आहे. शिक्षक पात्रता परीक्षेची तयारी करणाऱ्याला शब्दाचे विशेष उपयोगही ठाऊक हवेत. इंग्रजीतून मराठीत भाषांतर करणाऱ्याला तर इंग्रजीपेक्षा मराठीतील पर्यायांचीच अधिक काळजी घ्यावी लागते, कारण आपल्याकडे एका ‘गेट’साठी दार, दरवाजा, फाटक, कवाड, वेस, ताटी, तुडूम असे अनेक शब्द आहेत आणि त्यांची अदलाबदल करता येत नाही.

प्रथम आपल्या विद्यार्थ्याचा प्रश्न घेऊ. इंग्रजीत घर, खोली, कपाट, मोटारगाडी, आगगाडीचा डबा अशा छप्पर असलेल्या किंवा चारी बाजूंनी बंदिस्त असलेल्या जागेचे ते ‘डोअर’. आणि कुंपण, आवारभिंत, तटबंदी, शेत, गुरांचा कोंडवाडा अशा उघड्या जागेच्या सीमेवरचे ते ‘गेट’. ‘डोअर’मधून आपण आत जातो. ‘गेट’मधून आपण सीमा ओलांडतो, आणि ओलांडल्यावरही डोक्यावर बहुधा आकाशच असते. आपल्या भागातील मुलांना हे समजावण्यासाठी मी ताटीचे उदाहरण देतो. बांबूची विणलेली ताटी वावराच्या काटेरी कुंपणात बसवली तर इंग्रजीत तिला ‘गेट’ म्हणावे लागेल. तीच ताटी उचलून झोपडीच्या तोंडाशी लावली, तर ती ‘डोअर’ झाली. वस्तू तीच आहे, नाव मात्र ती कोणत्या मोकळ्या जागेत बसली आहे त्यावरून ठरते. आकार, वजन, लोखंड की लाकूड यांचा या निवडीशी फारसा संबंध नाही, आणि मुले नेमकी येथेच चुकतात, कारण मोठे ते ‘गेट’ आणि लहान ते ‘डोअर’ अशी त्यांची समजूत झालेली असते.

या समजुतीला आपली रोजची बोलीही हातभार लावते. आपण मराठीत आणि हिंदीत ‘गाडीच्या गेटवर उभा राहू नकोस’ असे सहज म्हणतो आणि त्यात मराठी म्हणून काही वावगे नाही, कारण तो शब्द आता आपला झाला आहे; परंतु इंग्रजीत लिहिताना आगगाडीच्या डब्याला ‘डोअर’च असते. वर्गखोलीलाही ‘डोअर’, शाळेच्या आवाराला ‘गेट’. याउलट बाजार समितीच्या आवारात कापसाची गाडी शिरताना जो ‘गेटपास’ मिळतो तो शब्द इंग्रजीतही अगदी योग्य आहे, कारण तेथे आवाराची सीमाच ओलांडली जाते. नियमाला अपवादही आहेत. तान्हे मूल जिन्यावरून पडू नये म्हणून घरात जिन्याच्या तोंडाशी लावतात त्या कमरेएवढ्या जाळीच्या अडसराला इंग्रजीत ‘गेट’ म्हणतात, जरी तो घराच्या आत असला तरी. कारण तो खोली बंद करीत नाही, केवळ वाट अडवतो. आपल्या एखाद्या हुशार विद्यार्थ्याने असा अपवाद शोधून आणला, तर नियम मोडला असे न मानता नियमाचे कारण त्याच्याच तोंडून काढून घ्यावे.

आता व्युत्पत्तीकडे वळू. जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत, हा शब्द नपुंसकलिंगी होता आणि त्याचा अर्थ प्रवेशमार्ग, उघडी जागा, वाट असा होता. त्याचे सख्खे भाऊ शेजारच्या जर्मानिक, म्हणजे इंग्रजीच्याच कुळातील, भाषांत आढळतात. जुन्या नॉर्स भाषेत, म्हणजे डेन्मार्क-नॉर्वेकडच्या जुन्या भाषेत, ‘गात्’ म्हणजे भोक. डच भाषेत आजही ‘गात’ म्हणजे छिद्र किंवा खिंडार. आणि जुन्या सॅक्सन भाषेत याच शब्दाने सुईचे नेढे दाखवले जाई. डेन्मार्क आणि स्वीडन यांच्यामध्ये ‘कॅटेगॅट’ नावाचा समुद्राचा अरुंद पट्टा आहे, त्यातील ‘गॅट’ हा तोच शब्द आहे. त्या नावाचा शब्दशः अर्थ ‘मांजराचे भोक’, अर्थात जेमतेम मांजर जाईल इतकी चिंचोळी वाट. सुईच्या नेढ्याला कोणी पल्ला, म्हणजे दाराची फळी, लावत नाही आणि समुद्राला कडी-कोयंडा नसतो. तरीही शब्द तोच आहे, यावरून मोकळी जागा हा त्याचा पहिला अर्थ आणि पल्ला हा नंतरचा, हे स्पष्ट होते.

उच्चाराची गोष्ट अधिक रंजक आहे आणि ती मराठी माणसाला इतरांपेक्षा लवकर कळते. जुन्या इंग्रजीत या शब्दाचे एकवचन ‘येअट्’च्या जवळ उच्चारले जाई आणि अनेकवचन ‘गातु’सारखे, लिहिताना मात्र दोन्हीकडे एकच अक्षर असे. हा फरक पुढील स्वरामुळे पडला. ए-ई यांच्या कुळातील, जिभेच्या पुढच्या भागाने उच्चारल्या जाणाऱ्या स्वरापूर्वी ‘ग’ मऊ होऊन ‘य’कडे झुकला आणि ‘आ’पूर्वी तो ‘ग’च राहिला. ‘माझा’ आणि ‘माझी’ हे शब्द एकापाठोपाठ एक मोठ्याने म्हणून पाहा. ‘झ’ हे अक्षर दोन्हीकडे एकच आहे, पण ‘माझा’मध्ये जीभ दातांकडे जाते आणि ‘माझी’मध्ये टाळूकडे सरकते, आणि हे पुढच्या ‘ई’मुळे घडते. जे आपल्या तोंडात आज घडते, त्याच जातीची घटना जुन्या इंग्रजीत घडली होती. पुढे अनेकवचनातील ‘ग’ने एकवचनावर मात केली आणि आजचे ‘गेट’ तयार झाले. ‘य’ असलेले रूपही सर्वस्वी पुसले गेले नाही. ‘येट्स’ हे इंग्रजी आडनाव म्हणजे जुन्या उच्चारातले ‘गेट्स’च होय, आणि म्हणून एखाद्या नामवंत गेट्स आडनावाच्या माणसाला येट्स आडनावाचा माणूस व्युत्पत्तीच्या नात्याने आपला आडनावबंधू म्हणू शकेल. वाय नदीच्या घळीत ‘सायमंड्स यॅट’ नावाचे गाव आहे, त्यातील ‘यॅट’ही तेच. स्कॉटलंडच्या जुन्या गढ्यांना जाळीचे भक्कम लोखंडी फाटक असे, त्याला तेथे ‘येट’ म्हणतात.

येथवर एका शब्दाची गोष्ट झाली. यॉर्कच्या रस्त्यांचा शब्द वेगळा आहे, आणि आपण जे वाचले ते खरे आहे. इसवी सन ८६६ मध्ये डेन्मार्क-नॉर्वेकडून समुद्रमार्गे आलेल्या व्हायकिंग लढवय्यांनी यॉर्क जिंकले आणि इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागांत ते वस्ती करून राहिले. त्यांच्या नॉर्स भाषेत रस्त्याला ‘गाता’ म्हणत. आजही स्वीडनमध्ये रस्त्याला ‘गाता’ म्हणतात, नॉर्वेमध्येही त्याच मुळाचा शब्द चालतो आणि जर्मन भाषेत गल्लीला ‘गासे’ म्हणतात. या ‘गाता’चे इंग्रजांच्या तोंडी ‘गेट’ झाले. त्यामुळे यॉर्कमधील ‘स्टोनगेट’, ‘कॉपरगेट’, ‘मिकलगेट’, ‘वॉमगेट’ हे सगळे रस्ते आहेत. ‘कॉपरगेट’ ऐकून कोणी तांब्याचे द्वार शोधू लागेल, पण त्याचा अर्थ लाकडी पेले कातणाऱ्यांचा रस्ता असा आहे. नागपूरच्या इतवारीत लोहाओळ आहे, सराफा ओळ आहे. ज्या धंद्याची दुकाने त्या धंद्याची ओळ, हे नावे ठेवण्याचे सूत्र आपल्या मुलांना नवीन नाही. लीड्स शहरातील ‘ब्रिगेट’ म्हणजे पुलाकडचा रस्ता आणि ‘कर्कगेट’ म्हणजे चर्चचा रस्ता. एडिंबरातील ‘कॅननगेट’ म्हणजे मठातील धर्मगुरूंचा रस्ता. त्यात तोफेचा काही संबंध नाही.

मग यॉर्कच्या तटबंदीला असलेल्या खऱ्या प्रवेशद्वारांना काय म्हणतात? त्यांना ‘बार’ म्हणतात, म्हणजे अडसर : मिकलगेट बार, बूदम बार, मंक बार, वॉमगेट बार. त्यावरून तेथे एक विनोद चालतो, की यॉर्कमध्ये रस्त्याला गेट म्हणतात, गेटला बार म्हणतात आणि बारला पब. विनोद म्हणून तो सांगायला हरकत नाही, शिवाय त्यामुळे हा फरक मुलांच्या कायमचा लक्षात राहतो.

लंडनची गोष्ट याच्या उलट आहे. ‘ऑल्डगेट’, ‘बिशप्सगेट’, ‘मूरगेट’, ‘न्यूगेट’, ‘लडगेट’ ही नावे तटबंदीतील खऱ्याखुऱ्या दरवाज्यांची आहेत. ते दरवाजे अठराव्या शतकात पाडले गेले, पण नावे त्या त्या भागाला चिकटून राहिली. आपल्याकडे हे समजायला लंडनला जाण्याची गरज नाही. चंद्रपुरात गोंड राजांच्या परकोटाचे जटपुरा गेट, अंचलेश्वर गेट, पठाणपुरा गेट आणि बिनबा गेट हे दरवाजे अजून उभे आहेत, आणि ‘जटपुरा गेटला उतरतो’ असे म्हणणारा प्रवासी दरवाज्यावर नव्हे, त्या चौकात उतरत असतो. अमरावतीत अंबागेट, नागपुरी गेट, खोलापुरी गेट, जवाहर गेट अशी नावे आहेत. त्यांतील काही नावे कोणत्या गावाकडे जाणारी वाट तेथून निघते हे सांगतात. म्हणून कोणत्याही इंग्रजी गावाच्या नावातील ‘गेट’चा अर्थ लावायचा असेल, तर दोन गोष्टी पाहाव्यात : ते गाव व्हायकिंगांच्या जुन्या वस्तीच्या टापूत आहे का, आणि त्या ठिकाणी तटबंदीचा दरवाजा होता का. केवळ अक्षरे पाहून हा निर्णय करता येत नाही, आणि त्या टापूच्या सरहद्दीवरच्या गावांत अभ्यासकांनाही जुनी कागदपत्रे तपासावी लागतात.

रस्त्याचा हा दुसरा ‘गेट’ प्रमाण इंग्रजीत आज रस्त्याच्या अर्थाने चालत नाही, परंतु तो वेष पालटून जिवंत आहे. वाट, मग वाटचाल, मग चालण्याची ढब असा त्याचा अर्थ सरकत गेला आणि स्कॉटलंडकडील लेखनपद्धतीने तो ‘जी-ए-आय-टी’ असा लिहिला जाऊ लागला. डॉक्टर रुग्णाची चाल तपासतात आणि अहवालात ‘गेट’ असे लिहितात, ते हेच. उच्चार अगदी सारखा, लेखन वेगळे आणि अर्थ ‘चाल’. श्रुतलेखनात हे दोन शब्द एकत्र विचारू नयेत, अशी माझी विनंती आहे. सातव्या वर्गाच्या मुलावर तो निव्वळ अन्याय होतो.

आता ‘गति’चा संदेश. तो चुकीचा आहे, आणि का चुकीचा आहे हे सांगणे केवळ ‘चुकीचा आहे’ म्हणण्यापेक्षा अधिक उपयोगाचे आहे. संस्कृत आणि इंग्रजी या दूरच्या नात्याच्या भाषा आहेत हे खरे, पण त्या नात्यात ध्वनी ठरावीक नियमाने बदलतात. संस्कृतातील ‘ग’च्या जागी इंग्रजीत ‘क’ येतो : ‘गौ’ आणि ‘काऊ’ पाहा. ‘गति’ ज्या ‘गम्’ धातूपासून आला, त्या धातूचा इंग्रजीतील भाऊ ‘कम’ हा आहे, म्हणजे ‘येणे’. इंग्रजीत ‘ग’ हवा असेल तर संस्कृतात त्याच्या समोर बहुधा ‘घ’ किंवा ‘ह’ असतो : ‘हंस’ आणि ‘गूज’. तेव्हा ‘गति’ आणि ‘गेट’ यांचे साम्य दिसायला जवळचे असले तरी नियमाच्या कसोटीवर टिकत नाही. कोणी म्हणेल, मग ‘घाट’ चालेल का, कारण तेथे ‘घ’ आहे. पण ‘ट’ आड येतो. इंग्रजी ‘ट’च्या समोर संस्कृतात ‘द’ असतो, जसे ‘टू’ आणि ‘द्वि’, ‘टेन’ आणि ‘दश’. आपल्या ‘घाट’चे मूळ संस्कृत ‘घट्ट’ आहे, त्याचा ‘गेट’शी काही संबंध नाही, वैनगंगेच्या घाटावरून इंग्लंडला जाणारी वाट निघत नाही. ‘गेट’ला संस्कृतात खात्रीने दाखवता येईल असा भाऊबंद नाही, आणि हे वर्गात स्पष्ट सांगायला संकोच वाटण्याचे कारण नाही.

ज्याला खरोखर भाऊ हवा आहे, त्याने ‘डोअर’कडे पाहावे. ‘डोअर’, संस्कृत ‘द्वार’, ग्रीक ‘थुरा’ आणि फारसी ‘दर’ ही एकाच घराण्यातील भावंडे आहेत. मराठी ‘दार’ हे ‘द्वार’पासून प्राकृताच्या वाटेने आले, आणि ‘दरवाजा’ फारसीतून. म्हणजे आपण ‘दार-दरवाजे लावून घ्या’ म्हणतो तेव्हा एकाच शब्दाच्या दोन शाखा शेजारी-शेजारी उच्चारतो. दरबार, दरवान, दरगाह यांतील ‘दर’ही तोच. वरचा नियम काटेकोर लावला तर संस्कृतात ‘ध्वार’ असायला हवे होते, कारण इंग्रजी ‘ड’समोर ‘ध’ येतो; तेथे ‘द’ झाला तो ‘द्वि’च्या प्रभावाने, म्हणजे दोन फळ्यांचे दार या कल्पनेने, असे अभ्यासक मानतात. लॅटिनमध्ये याच कुळातील शब्दापासून ‘दाराबाहेर’ असा अर्थ निघाला आणि तेथून आपल्या सर्वांच्या परिचयाचा ‘फॉरेन’ तयार झाला. आपल्या विद्यार्थ्यांना मोबाईलवरील संदेशाऐवजी ही जोडी द्यावी. ती खरी आहे आणि तीत नवलही पुरेसे आहे.

आता शब्दकोशातील अर्थांची यादी. माझा सल्ला असा, की ती फळ्यावर लिहू नये. मोकळी जागा आणि तिच्यावरचा ताबा या दोन गोष्टी मुलांना द्याव्यात आणि मग एकेक उदाहरण त्यांच्याकडूनच सोडवून घ्यावे. पावसाळ्यात वर्तमानपत्रांत गोसेखुर्द धरणाचे ३३ किंवा अप्पर वर्धा धरणाचे १३ दरवाजे उघडल्याची बातमी असते. इंग्रजी वर्तमानपत्रात तेथे ‘गेट’ असते आणि अभियंत्यांच्या मराठीत ‘वक्रद्वार’. त्या दारातून कोणी माणूस जात नाही. जाते ते पाणी, आणि किती जावे हे दार ठरवते. आपल्या भागातील मालगुजारी तलावांच्या पाळीत पाणी सोडण्यासाठी जे तुडूम असते, तेही इंग्रजीत समजावून सांगायचे झाले तर ‘गेट’शिवाय जवळचा शब्द नाही, पण मराठीत लिहिताना त्याला ‘गेट’ म्हणणे म्हणजे चांगला, नेमका शब्द हातचा घालवणे होय.

येथून विजेकडे जाणे सोपे आहे, आणि आयटीआयला जाणाऱ्या मुलांसाठी ते आवश्यकही आहे. ट्रान्झिस्टरच्या एका प्रकारात तीन टोके असतात आणि त्यांची इंग्रजी नावे ‘सोर्स’, ‘गेट’ आणि ‘ड्रेन’ अशी आहेत, म्हणजे उगम, द्वार आणि निचरा. पाटाचे पाणी भाताच्या बांधीत सोडणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला हे चित्र समजायला वेळ लागत नाही : विद्युत प्रवाह उगमाकडून निचऱ्याकडे वाहतो आणि मधल्या ‘गेट’वर दिलेला विद्युत दाब तो वाहू द्यायचा की अडवायचा, हे ठरवतो. अशा ट्रान्झिस्टरांच्या जोडणीतून संगणकातील ‘लॉजिक गेट’ तयार होतात. तेथेही ठरावीक अट पूर्ण झाली तरच पुढे ‘होय’ जाते, एवढेच त्या नावात आहे.

विमानतळावरील ‘गेट’ म्हणजे विमानाकडे जाण्याची क्रमांक दिलेली वाट. ताडोब्यात मोहर्ली गेट, कोलारा गेट या नावांत ‘गेट’ म्हणजे जंगलात शिरण्याचे नियंत्रित ठिकाण, आणि सफारीचे आरक्षण करणारा पर्यटक फाटकाचा नव्हे, ठिकाणाचाच विचार करीत असतो. इंग्रजीत सामन्याला आलेल्या प्रेक्षकांच्या संख्येला आणि तिकिटांच्या उत्पन्नालाही ‘गेट’ म्हणतात, कारण ते दोन्ही प्रवेशद्वाराशीच मोजले जातात. फलंदाजाची बॅट आणि पॅड यांच्या मधल्या फटीतून चेंडू गेला, तर समालोचक तो ‘गेट’मधून गेला असे म्हणतात. तेथे पल्ला नाही, कडी नाही, केवळ फट आहे. शब्दाचा सर्वांत जुना अर्थ क्रिकेटच्या मैदानावर असा अनपेक्षितपणे टिकून आहे.

क्रिकेटचा विषय निघालाच आहे तर ‘विकेट’बद्दल सांगणे भाग आहे, कारण तोही प्रवेशाचाच शब्द आहे आणि मुलांना तो ‘गेट’पेक्षा अधिक प्रिय असतो. मोठ्या दरवाज्याच्या फळीत किंवा शेजारी माणसापुरते जे लहान दार ठेवतात, ज्याला आपण दिंडी दरवाजा म्हणतो, त्याला जुन्या फ्रेंचमधून आलेला इंग्रजी शब्द ‘विकेट’ हा आहे. सुरुवातीच्या क्रिकेटमध्ये दोनच यष्ट्या असत आणि त्यांवर एक आडवी काठी असे. ती रचना कुंपणातील छोट्या फाटकासारखी दिसे, म्हणून तिला ‘विकेट’ हे नाव पडले. मधून चेंडू निसटतो ही तक्रार वाढल्यावर तिसरी यष्टी आली, ती १७७५ नंतर. आपल्याकडे याच लहान दाराला ‘खिडकी’ म्हणण्याची रीत होती. चंद्रपूरच्या परकोटाला चार दरवाजे आणि पाच खिडक्या आहेत, त्यांपैकी हनुमान खिडकी, विठोबा खिडकी, चोर खिडकी ही नावे चंद्रपूरकरांना ठाऊक असतात. अमरावतीत माता खिडकी आहे. या खिडक्या हवेसाठी नव्हत्या, त्यांतून माणसे ये-जा करीत. इंग्रजीत त्यांचे भाषांतर ‘विंडो’ असे करणारा फलक मी पाहिला आहे. तेथे ‘विकेट गेट’ हा अगदी नेमका शब्द उपलब्ध असताना तशी चूक व्हायला नको होती.

दोन उपयोग मात्र मोकळ्या जागेच्या सूत्रात बसत नाहीत आणि ते तसे बसवण्याचा प्रयत्नही करू नये. पहिला वर्तमानपत्रांचा. अमेरिकेत वॉशिंग्टन येथे ‘वॉटरगेट’ नावाचा इमारतींचा समूह आहे. तेथील डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात १९७२ मध्ये घरफोडी झाली, तिचे धागे पुढे सत्तेच्या वरच्या वर्तुळात पोहोचले आणि १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांना राजीनामा द्यावा लागला. तेव्हापासून कोणत्याही भानगडीच्या नावामागे ‘गेट’ जोडण्याची प्रथा पडली. आपल्याकडे २०१२ च्या सुमारास कोळसा खाणपट्ट्यांच्या वाटपाच्या वादाला इंग्रजी वर्तमानपत्रांनी ‘कोलगेट’ म्हटले, ते टूथपेस्टच्या नावावर केलेली कोटी म्हणून. गंमत अशी, की ‘कोलगेट’ हे आडनाव दक्षिण इंग्लंडमधील ज्या स्थलनामावरून आले, त्यातील ‘कोल’ म्हणजे कोळसाच, फक्त खाणीतला नव्हे तर लाकूड जाळून केलेला. दुसरा उपयोग अभियांत्रिकीच्या पदवीधरांची ‘गेट’ परीक्षा. तो शब्दच नाही, परीक्षेच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरे आहेत, आणि त्यांतून एक ओळखीचा शब्द तयार होतो हे ती ठेवणाऱ्यांच्या लक्षात आलेच असणार.

भाषांतराबाबत थोडेसे लिहून थांबतो, कारण आपण मुलांकडून वाक्ये मराठीत करून घेता असे आपल्या प्रश्नावरून दिसते. येथे एकच मराठी प्रतिशब्द ठरवून देऊ नये. रुळांवरचे ते फाटक, आणि आपल्याकडे ‘फाटक लागले’ असे म्हणतात. विद्यार्थ्याने त्याचे इंग्रजी ‘लागणे’च्या शब्दशः अर्थाने केले तर वाक्य बिघडते, तेथे ‘बंद आहे’ असा आशय इंग्रजीत यायला हवा. किल्ल्याचा दरवाजा, गावाची वेस, धरणाचे दार किंवा दरवाजा, तलावाचे तुडूम, कुंपणाची ताटी, बंगल्याचे फाटक किंवा सरळ गेट. ‘गेट’ हा शब्द मराठीत आता इतका रुळला आहे की शाळेच्या आवारासाठी तो वापरणाऱ्या मुलाचे गुण कापणे मला पटत नाही. मात्र तुडूम, वेस आणि ताटी ठाऊक असलेल्या मुलाने ते शब्द वापरले, तर पूर्ण गुण देऊन त्याचे उत्तर वर्गात वाचून दाखवावे. आपल्या मूळ विद्यार्थ्याला मात्र उत्तर देण्याआधी शाळेच्या आवाराबाहेर न्यावे, येताना वाटेत किती ‘गेट’ आणि किती ‘डोअर’ लागले ते त्याच्याकडूनच मोजून घ्यावे, आणि कोठे त्याचा आपल्याशी मतभेद होतो ते पाहावे. गुरांच्या गोठ्यापाशी तो बहुधा होईल, कारण तीन बाजूंनी भिंत, वर कौले आणि पुढे नुसते आडवे बांबू, अशा जागेला इंग्रजीतही दोन्ही शब्द चालू शकतात.